घोडा, चाप, माशी

विजापूर वेशीत दुकान. पंखा चालू,
तरी एप्रिल टेबलावर मांडी घालून बसलेला.
अंबादास कुरापाटीनं चादर उलगडली,
आपलीच, मोराची, काठाला उसवलेली,
आणि आत ही.

आधी कागद, म्हटलं.
परवाना होता. वारसाचा अर्ज कलेक्टर ऑफिसात पडून.
म्हणाला, घेणारा पुण्याचा, तोही कलेक्टरच म्हणे.
हसलो दोघं. एक परवानगी देतो, एक पैसे देतो,
घाई दोघांनाही नसते.

हात धुतले. घामाचा हात लोखंडाला चावतो.
लिव्हर खाली: रिकामी.
करंगळी घालून पुन्हा: रिकामी.
बाबा म्हणायचे, जास्त माणसं रिकाम्या बंदुकीनंच गेलीत.

नळी अष्टकोनी, कडा अजून बोटाला लागतात,
म्हणजे पॉलिशच्या चाकाला कुणी धरलेली नाही.
निळाई गेलीय, पण आपली आपण गेलीय;
घोड्यामागच्या खाचेत उरलीय थोडी,
वांग्याच्या देठाखाली उरतो तसा रंग.
हे चांगलं. लोकांना पटत नाही.
परवा एकानं आणली होती, स्टीलच्या पेल्यासारखी घासून,
भाव निम्म्यावर आला आणि तो माझ्यावरच चिडला.

नंबर भिंगाखाली. शिक्के त्याच काळातले.
स्क्रूच्या खाचा एक सोडून शाबूत.
माशी मूळची नाही. पितळेची,
कानशीनं घडवलेली, जरा डावीकडे झुकलेली.
दस्त्याला मनगटापाशी तडा,
आणि तड्यावर सुताचा वेढा,
खळीत भिजवून, फेऱ्याला फेरा लावून, इतका सारखा
की टोक कुठं दडवलं ते भिंगालाही सापडेना.
वजा, लिहिलं. दुरुस्ती, स्थानिक.

मग नळीत दिवा सोडला.
आटे वळत वळत गेले थेट उजेडापर्यंत,
एक डाग नाही, एक खड्डा नाही.
आणि लिव्हर? म्हाताऱ्याच्या दातासारखी हलणारी.
खीळ झिजलेली. घोड्याच्या टाचेचा टोक गेलेला.

हे एका बंदुकीत बसत नाही.
झाडली जाते तिची नळी आधी जाते.
हिची नळी कोरी आणि सांधे गेलेले.
भाग बदललेत म्हणावं, तर नाही, सगळे जन्माचे सोबती.

शिकार करायचे का पेद्दनान्ना?

एकदाच गेले, म्हणाला. नान्नजच्या माळावर,
मिलच्या गोऱ्या मास्तरासोबत. समोर काळवीट.
नेम चुकला की चुकवला, विचारायची सोय नव्हती.
मास्तर विलायतेला गेला, जाताना ही देऊन गेला.

मग?
मग काय. मिल बंद पडली. भोंगा वाजेना,
यांना झोप येईना.
रात्री गच्चीत बसायचे, मांडीवर घेऊन,
रिकामीच. लिव्हर खाली, लिव्हर वर,
खट् खटाक्, खट् खटाक्,
धोटा गेला, धोटा आला.
आई शेजारणीला सांगायची, दाराची कडी सैल आहे.
पाळी सुटायची वेळ झाली की आपोआप थांबायचे.
किती वर्षं? त्यानं बोटं मोजायला घेतली
आणि मध्येच सोडून दिली.

माझ्या तक्त्यात झिजेचा रकाना आहे,
प्रमाण विचारतो, कारण विचारत नाही.
लिहिलं: यंत्रणा, झीज फार, गोळीबाराशी विसंगत.
खाली आकडा. बरा होता.
सूत काढून दस्ता नीट जोडला तर अजून वाढेल,
तेही सांगितलं, धंदा आहे.

काढा, म्हणाला.
मी कात्री घेतली.
थांबा. कितीचा फरक पडतो?
सांगितला.

त्यानं मान हलवली,
आमच्याकडची मान, हो आणि नाही दोन्ही बसतात तिच्यात.
कात्री सुताखाली तशीच.
तेवढ्यात लाइट गेली. पंखा हळूहळू मेला,
आणि मागच्या गल्लीत कुणाचा तरी माग
अर्ध्या फेकीवर थांबला.